नाताळातला एक शनिवार

डिसेंबर अर्धा सरला, गोदाकाठच्या बाजारात मटारच्या शेंगांचे ढीग दिसू लागले, की आमच्या टीव्हीवर तो अमेरिकन पोरगा पुन्हा घरी एकटा राहतो. सिनेमा ‘होम अलोन’, साल १९९०. आईबाप त्याला विसरून पॅरिसच्या विमानात बसतात, घरात दोन चोर शिरतात आणि पोरगा त्यांची अशी काही धुलाई करतो की शेवटी चोरांचीच कीव यावी. आमच्या सौ. दरवर्षी त्याच ठिकाणी तोच प्रश्न विचारतात, “एवढं खटलं घेऊन निघाले, तर डोकी मोजायला काय झालं होतं?” मी दरवर्षी तेच उत्तर देतो, “मोजली की! पण त्यात शेजारचं पोर मोजलं गेलं.” त्यावर त्या दरवर्षी म्हणतात, “तरीच.” हा संवाद झाला की आमच्याकडे नाताळ साजरा झाला असं समजतात. केक येतो तो दुसऱ्या दिवशी, भाव उतरल्यावर.

भाचा आलेला असला की या सोहळ्यात टीकाकाराची भर पडते. “मामा, याचा नवीन काढलाय २०२१ मध्ये. पण तुम्ही बघू नका हं. ओरिजिनल ते ओरिजिनल. रिमेक म्हणजे नुसता धंदा.” हे तो सोफ्यावर आडवा पडून, चिवड्यातले शेंगदाणे वेचत सांगतो. त्याचं वय पाहता मूळ सिनेमा आला तेव्हा त्याच्या आईचंही लग्न व्हायचं होतं. पण अस्सलपणाचा अभिमान बाळगायला वयाची अट नसते.

माझी अडचण एवढीच की तो हे नाशिकमध्ये बसून बोलतो. नाशिकमध्ये बसून रिमेकला नावं ठेवायची म्हणजे छाती पाहिजे. कारण या देशातला सिनेमाचा सगळा संसार एका नाताळच्या सिनेमावरून उभा राहिला, आणि तो मांडणारा गृहस्थ आमच्या त्र्यंबकेश्वरचा.

धुंडिराज गोविंद फाळके. जन्म ३० एप्रिल १८७०. वडील संस्कृतचे शास्त्री, पुढे मुंबईला विल्सन कॉलेजात शिकवायला गेले. मुलानेही शास्त्रीबुवाच व्हावं अशी घराची रीत. पण हा जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकला, बडोद्याच्या कलाभवनात गेला, फोटो काढले, पुराणवस्तू खात्यात नोकरी केली, ब्लॉक बनवले, छापखाना काढला, जादूचे प्रयोगसुद्धा केले. चाळिशीला आला तेव्हा भागीदारांशी बिनसून छापखाना सुटला होता. हातात कला पुष्कळ आणि घरात मिळकत शून्य, अशा माणसाकडे नातेवाईक ज्या नजरेने बघतात ती नजर मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. अशा अवस्थेत ते गिरगावातल्या ‘अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस’मध्ये ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ बघायला गेले.

पुढे १९१७ मध्ये ‘नवयुग’ मासिकात फाळक्यांनी स्वतःच हे लिहिलं आहे. साल १९१० म्हणतात, आणि नाताळातला शनिवार म्हणतात. पडद्यावर ख्रिस्ताचं चरित्र सरकत होतं आणि त्यांच्या मनात मात्र कृष्ण, राम, गोकुळ आणि अयोध्या चालू होती. एक तिकीट काढून त्यांनी दोन सिनेमे पाहिले म्हणायचे. आणि दुसरा अजून कुणी काढलेलाच नव्हता.

आता हा शनिवार कोणता? मला हिशेब करायची खोड आहे. १९१० चा २५ डिसेंबर रविवारी आला होता. तेव्हा तो शनिवार २४ तारखेचा, फार तर ३१ तारखेचा. इथवर ठीक. पण चरित्रकार वेगळंच सांगतात. ते म्हणतात, १४ एप्रिल १९११ रोजी फाळके थोरल्या मुलाला, भालचंद्रला, घेऊन प्राण्यांचा सिनेमा बघायला गेले. पोराने घरी येऊन पडद्यावर जनावरं चालतात असं सांगितलं, तर कुणाचा विश्वास बसेना. म्हणून दुसऱ्या दिवशी सगळं कुटुंब घेऊन गेले, तर ईस्टरमुळे जनावरांच्या जागी येशू लावलेला. म्हणजे ज्याला आपण नाताळचा सिनेमा म्हणतो तो ईस्टरचा निघायचा! गंमत अशी की १९११ चा ईस्टर १६ एप्रिलला होता, म्हणजे ‘दुसरा दिवस’ १५ एप्रिल, आणि तोही शनिवारच. महिना बदलला, सण बदलला, साल बदललं, शनिवार काही हलायला तयार नाही. मी आपला फाळक्यांच्या बाजूचा. ज्याचं आयुष्य त्या दिवशी पालटलं, त्याला निदान सण तरी आठवत असेल. थंडी होती की उकाडा, एवढं माणूस विसरत नाही. (मुंबईत तेही सांगता येत नाही, हे मान्य.)

बरं, सिनेमा तरी कोणता? नाव ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’. आणि त्या नावाचे सिनेमे तेव्हा उदंड. फ्रान्सच्या पाथे कंपनीने येशूचं चरित्र १९०२ ते १९०५ या काळात तुकड्यातुकड्यांनी काढलं आणि १९०७ मध्ये तेच पुन्हा नव्याने काढलं. मधल्यामध्ये १९०६ साली गोमाँ या दुसऱ्या फ्रेंच कंपनीने आपला येशू आणला. सिनेमाचा धंदा सुरू होऊन पुरती पंधरा वर्षं झाली नव्हती आणि रिमेकांची रांग लागलीसुद्धा. फाळक्यांनी यातला गोमाँचा पाहिला असं बरेच अभ्यासक मानतात. भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा त्याने शेंगदाणे वेचणं थांबवलं, पण तेवढ्यापुरतंच.

गोमाँचा येशू काढला होता एका बाईने. अ‍ॅलिस गी तिचं नाव. ती गोमाँच्या कचेरीत सेक्रेटरी. मला सिनेमा काढून बघू द्या म्हणाली, तर मालकाने परवानगी दिली ती एका अटीवर: पत्रव्यवहाराच्या कामात खोळंबा होता कामा नये. म्हणजे टपाल आटपून उरलेल्या वेळात तिने सिनेमा शोधून काढला. १९०६ चा येशू करताना तिच्याकडे पंचवीस प्रवेश होते आणि तीनशेच्या आसपास माणसं. पाळण्यापासून क्रुसापर्यंत सगळं अर्ध्या तासात. आणि एवढं करून पुढे कित्येक वर्षं श्रेय गेलं ते तिच्या हाताखालच्या पुरुषाकडे.

इकडे दादरला सरस्वतीबाई फाळके. त्यांना कुणी अटसुद्धा घातली नाही, कारण त्यांचं काम कुणी कामात धरलंच नव्हतं. पुढे नवऱ्याचा पहिला सिनेमा ‘राजा हरिश्चंद्र’ सुरू झाल्यावर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याकडे. दिवसा उन्हात पांढऱ्या चादरी धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडायचा, रात्री पोरं झोपली की अंधारात कोऱ्या फिल्मच्या कडांना भोकं पाडायची, आणि दागिने लागले तर तेही काढून द्यायचे. पॅरिसच्या बाईने काढलेला सिनेमा पाहून नवऱ्याला वेड लागतं आणि त्या वेडाचा स्वयंपाक दादरच्या बाईने करायचा. या दोघी कधी भेटल्या असत्या, तर भाषेवाचूनही त्यांचं पाच मिनिटांत जमलं असतं असं आमच्या सौ.चं मत आहे. ते मी इथे जसंच्या तसं नोंदवतो, कारण न नोंदवण्यात धोका आहे.

फाळक्यांना येशू पाहताना कृष्ण का दिसावा, याचं मोठं कोडं करायचं कारण नाही. गोष्ट जवळजवळ तीच आहे. मूल जन्मणार असं भाकीत असतं, गादीवरच्या राजाला धडकी भरते, तो तान्ह्या पोरांची कत्तल मांडतो, आणि बाप रातोरात मूल घेऊन निघतो. तिकडे हेरोद, इकडे कंस. तिकडे गाढवावरून मिसरला, इकडे टोपलीतून गोकुळाला. त्र्यंबकच्या शास्त्र्याच्या घरात वाढलेल्या माणसाने असा सिनेमा पाहिला तर तो मनातल्या मनात नावं बदलणारच. आपल्याकडे परक्याची गोष्ट ऐकताना ‘आपल्यातला हा कोण’ हे लावून घेतल्याशिवाय ती पचत नाही.

पण सुरुवात त्यांनी कृष्णापासून केली नाही, हरिश्चंद्रापासून केली. माझा आपला घरगुती तर्क असा, की कृष्ण म्हटला की गायी आल्या, गोपी आल्या, यमुनेचा पूर आला. हरिश्चंद्राचं बरं असतं. त्याच्याकडून एकेक वस्तू काढूनच घ्यायची असते आणि शेवटी स्मशान पुरतं. फाळक्यांची स्वतःची गत तशीच चालली होती. सिनेमे पाहून पाहून डोळे गेले, ते औषधोपचाराने परत आले. मग विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले, विल्यमसन कॅमेरा घेतला, हेपवर्थच्या स्टुडिओत काम कसं चालतं ते पाहिलं आणि दोन महिन्यांच्या आत परत. भांडवलवाल्यांना पटावं म्हणून कुंडीत वाटाणा पेरून त्याचा वेल वाढताना टिपला. देशातला हा उद्योग मटारच्या एका दाण्यावर उभा आहे, हे नाशिकच्या भाजीवाल्यांना कुणीतरी सांगायला हवं.

मग तारामती मिळेना. जाहिरात देऊनही चांगल्या घरची बाई सिनेमात यायला तयार नव्हती, वाईट घरचीही नव्हती. अखेर ग्रँट रोडच्या एका खाणावळीत अण्णा साळुंके नावाचा सडपातळ, नाजूक हातांचा आचारी सापडला आणि तो अयोध्येची राणी झाला. उरलेल्या बायकांची कामं करणारे पुरुष मिशी उतरवायला राजी होईनात. मिशी काढायची ती बाप गेल्यावर. सिनेमात काम करतो म्हणून सांगितलं तर कुणी दारात उभं करीना, म्हणून फाळक्यांनी शिकवून ठेवलं: विचारलं तर म्हणायचं, हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे. राजवाड्याच्या कारंज्यात ओलेत्याने खेळणारा तारामतीच्या सख्यांचा घोळका आजही पाहायला मिळतो. एकेक सखी दंडाने अशी भक्कम आहे की हरिश्चंद्राच्या जागी मी असतो तर राज्य दान करून आधी तिथून निघालो असतो.

३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये सिनेमा लागला. नुसत्या सिनेमावर लोक येतील याची खात्री नव्हती, म्हणून सोबत कार्यक्रमात नाच, नकला आणि पायाने वस्तू खेळवणारा एक कसरतपटूही होता. सुरतेला तर पहिल्या दिवशी गल्ला तीन रुपये. तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली: सत्तावन्न हजार फोटो, दोन मैल लांबीचा खेळ, आणि दर फक्त तीन आणे. लोक लोटले. सिनेमाची लांबी ३,७०० फूट. मैलाचे फूट ५,२८० होतात. सत्यवचनी हरिश्चंद्राच्या जाहिरातीत मैलाहून लांब थाप होती, आणि तिच्याबद्दल विश्वामित्रानेही तक्रार केली नाही.

त्यानंतर फाळके नाशिकला आले. ‘मोहिनी भस्मासुर’ इथला. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमळाबाई, म्हणजे पुढच्या कमळाबाई गोखले, यांनी कामं केली आणि पडद्यावर पहिल्यांदा बाई ही बाई म्हणून दिसली. मिशांचा प्रश्न निदान तेवढ्यापुरता मिटला.

आता ज्याच्यासाठी हे सगळं सांगतो आहे ती गोष्ट. ‘राजा हरिश्चंद्र’ची प्रत इतकी फिरली की खराब झाली, जळाली असंही म्हणतात. आजचा निर्माता विमा कंपनीकडे गेला असता. फाळक्यांनी १९१७ मध्ये तोच सिनेमा पुन्हा काढला, ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ म्हणून. मूळ पुरुषानेच मूळ सिनेमाचा रिमेक केला, तोही अवघ्या चार वर्षांत. आणि आज पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात भारतातला पहिला कथापट म्हणून चार रिळांपैकी जी दोन जपून ठेवली आहेत, ती १९१३ ची की १९१७ ची, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. शाळेच्या पुस्तकात ज्याचा फोटो छापतात, तो आद्य सिनेमा कदाचित रिमेक आहे. मी भाच्याला तो तुकडा मोबाइलवर लावून दिला आणि म्हटलं, “सांग, ओरिजिनल आहे का?” त्याने बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, “क्वालिटीवरून नाही कळत.” तज्ज्ञ मंडळींचा निष्कर्षही साधारण हाच आहे.

मला यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही. हरिश्चंद्र ही एकदा सांगून ठेवून द्यायची गोष्टच नव्हे. आमच्या लहानपणी पंचवटीत कीर्तनाला हरिश्चंद्राचं आख्यान असलं की बायका आधीच पदर हातात घेऊन बसत. रोहिदासाला साप चावणार, तारामती त्याला घेऊन स्मशानात येणार आणि डोंब झालेला नवरा तिच्याकडे कर मागणार, हे मांडी घालून बसलेल्या प्रत्येकाला पाठ. तरी ‘पुढचं सांगू नका’ असं कुणी ओरडल्याचं मला आठवत नाही. उलट बुवांनी काही गाळलं तर मागून आवाज यायचा. बुवा नवे, आख्यान जुनं, आणि रडणं दरवेळी ताजं. मागच्या वर्षीच्या बुवांशी तुलना व्हायची, नाही असं नाही. पण ती प्रसाद खाताना.

इंग्रजांचाही हरिश्चंद्र आहे. डिकन्सने १८४३ मध्ये ‘अ ख्रिसमस कॅरोल’ लिहिली. तिच्यातला कंजूष स्क्रूज १९०१ पासून पडद्यावर येतोच आहे, बोलपटात आला, कार्टूनमध्ये आला, गाणी म्हणत आला, डिस्नेच्या बदकाच्या रूपानेही आला. एक देता देता भिकारी होतो, दुसऱ्याच्या हातून दमडी सुटत नाही. दोघांची गाठ पडती तर अर्ध्या तासात दोघांचाही प्रश्न सुटला असता. पण दोघांचा निकाल लागतो तो एकाच ठिकाणी. स्क्रूजला भूत नेऊन त्याची स्वतःची कबर दाखवतं तेव्हा तो वठणीवर येतो. हरिश्चंद्राला स्मशानात उभा केल्यावर देवांना त्याची दया येते. सणासुदीला मुलाबाळांनी एकत्र बसून बघायच्या गोष्टी दोन्हीकडे मसणात नेऊन सोडवाव्या लागतात, आणि मुलं त्या मजेत बघतात. ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ हा १९४६ चा सिनेमाही पुलावरून जीव द्यायला निघालेल्या माणसाचा. तो पहिल्यांदा फारसा चालला नाही. १९७४ मध्ये त्याचा हक्क नव्याने नोंदवायचा राहून गेला आणि फुकट मिळतो म्हणून अमेरिकेतली टीव्ही केंद्रं दर नाताळात तो लावू लागली. आज तो अभिजात आहे. अभिजात व्हायला गुण लागतातच. थोडी कारकुनी चूकही लागते.

नाताळच्या त्या शनिवारी मनात आलेला खरा रिमेक मात्र झाला आठ वर्षांनी, नाशिकला. १ जानेवारी १९१८ ला ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ निघाली आणि तिचा पहिला सिनेमा ‘श्रीकृष्णजन्म’. ऑगस्टमध्ये मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. अ‍ॅलिस गीच्या गोठ्यातल्या बाळाचा गोदाकाठी बाळकृष्ण झाला. पुढच्या वर्षी ‘कालियामर्दन’. त्यात कृष्ण झाली होती फाळक्यांची सात-एक वर्षांची मुलगी मंदाकिनी. सिनेमा सुरू होण्याआधी फाळक्यांनी तिला साध्या वेशात पडद्यावर आणलं आहे. ती पोरगी रागावून दाखवते, हसून दाखवते, आणि बघता बघता तिचाच कृष्ण होतो. राजवाड्याच्या सख्यांना मिशा होत्या आणि कृष्ण मुलगी होती. कुणाचं काही अडलं नाही. हा सिनेमा बराचसा टिकला आहे. मंदाकिनी डोहात उडी घेते तो प्रवेश आजही बघावा. शेपटी आवळणारा तो कापडी कालिया बघून हसू येतं, पण पोरीच्या चेहऱ्याकडे बघितलं की हसू आवरतं.

आणि हे एकाच दिशेने चाललं होतं असंही नाही. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक आणि त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक याच काळातले. फाळके येशूचा कृष्ण करत होते तेव्हा टिळक येशूला मराठी ओवीत बसवत होते. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ १९१९ मध्ये त्यांच्या मृत्यूने अपुरं राहिलं आणि ते पुरं केलं लक्ष्मीबाईंनी, ज्यांना नवऱ्याने धर्म बदलल्यावर पाण्याच्या पेल्यापर्यंत सगळ्याची भांडणं भांडावी लागली होती. इथेही उरलेलं काम बाईकडेच आलं, हे वाचकांच्या ध्यानात आलं असेलच. पुढे १९७८ मध्ये तेलुगूत ‘करुणामयुडु’ आला, हिंदीत ‘दयासागर’ म्हणून फिरला. त्यातला येशू थेट आपल्या पौराणिक सिनेमांच्या चालीवर चालतो. फाळक्यांनी उचललेलं असं परत गेलं. नाशिकरोडला बाळ येशूच्या दर्शनाला फेब्रुवारीत यात्रा भरते. तिथे नवस बोलायला सगळ्या जातीधर्मांची माणसं येतात आणि परत जाताना रामकुंडावरही डोकं टेकवतात. ओरिजिनल कोण असं कुणी विचारत नाही.

नंतरचे हरिश्चंद्र झपाझप सांगतो. १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’, शांताराम दिग्दर्शक, गोविंदराव टेंबे राजा आणि दुर्गाबाई खोटे तारामती. तारामतीला अखेर आचाऱ्यापासून सुटका मिळाली, आणि मराठी पडदा बोलू लागला तोही हरिश्चंद्राच्याच तोंडाने. त्याचा हिंदी अवतारही तेव्हाच निघाला. आणि परेश मोकाशींचा २००९ चा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’, ज्यात हरिश्चंद्र काढणाऱ्याचाच सिनेमा झाला. नंदू माधव फाळके, विभावरी देशपांडे सरस्वतीबाई. भारताने तो ऑस्करला पाठवला होता. बायोपिक म्हटलं की रडणं आलंच असं मानणाऱ्यांनी तो जरूर पाहावा. कफल्लक होणं इतकं आनंदाचं असू शकतं हे मला तरी त्यातच प्रथम कळलं.

खुद्द फाळके १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकलाच गेले. बोलपट आल्यावर त्यांनी १९३७ मध्ये कोल्हापूरला ‘गंगावतरण’ हा एकच काढला. गंगा भूमीवर येण्याची गोष्ट, म्हणजे त्र्यंबकच्या माणसाची शेवटीही घरचीच. आता पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. आम्ही नाशिककर तिथे सहलीला जातो, कणसं खातो, कारंज्यापाशी फोटो काढतो आणि लेणी चढायची राहिलीच म्हणून परत येतो.

तर माझी तिथल्या संबंधितांना, आणि ते ऐकत नसतील तर एखाद्या हौशी मंडळाला, विनंती आहे. येत्या नाताळात, जमल्यास शनिवारी, तिथे एक पांढरा पडदा बांधा. आधी अ‍ॅलिस गीचा येशू लावा, मग उरलेला हरिश्चंद्र, आणि वेळ राहिला तर मंदाकिनीचा कृष्ण. पहिले दोन मिळून तासही लागत नाही. कुणाचे हक्क विकत घ्यायला नकोत, डबिंग नको, मधल्या पाट्या वाचून दाखवायला आमचा भाचा येईल. त्याला तेवढ्यासाठी चिवडा पुरतो. सौ. सरस्वतीबाईंबद्दल दोन शब्द बोलणार आहेत, ते दोनच राहतील याची हमी मी घेत नाही. आणि सगळे मूकपट असल्याने रात्री दहानंतरही चालले तरी लाउडस्पीकरची परवानगी लागणार नाही. पेटीवाला बसवलात, तर मात्र दहाच्या आत आटपा.